लेंबासला लेंबासच राहू द्या

गेल्या पावसाळ्यात एका धर्मग्रामात आम्हांला बोलावणे होते. व्याख्यान आटोपल्यावर तेथील उत्साही मंडळींनी आम्हांला धर्मशिक्षणाच्या वर्गात नेले आणि भिंतीवरचा एक तक्ता मोठ्या अभिमानाने दाखवला. डाव्या बाजूस पानात गुंडाळलेली एक पोळी, उजव्या बाजूस पवित्र होस्ती, आणि दोहोंच्या मध्ये बरोबरचे ठसठशीत चिन्ह. डावीकडच्या चित्राखाली लिहिले होते ‘लेंबास’, उजवीकडे ‘ख्रिस्तप्रसाद’. मुले दूरदर्शन संचावर परक्या भाषेतले चित्रपट पाहतात, त्यांना त्यांच्याच भाषेत समजावले पाहिजे, असे आम्हांला सांगण्यात आले. हेतू उत्तम होता. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर धर्मग्रामाचे वाचनालय आहे. ज्या कादंबरीतून हे लेंबास आले, ती ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तेथे आहे काय, असे आम्ही सहज विचारले. होती, परंतु जादूगार आणि राक्षस यांची पुस्तके ख्रिस्ती मुलांच्या हाती नकोत, अशी काही ज्येष्ठांनी तक्रार केल्यावरून ती कपाटातून काढून ठेवली आहे, असे उत्तर मिळाले.

म्हणजे वर पुस्तकाचा तक्ता आणि खाली पुस्तकाला बंदी! या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटल्या तरी आमच्या मते त्या एकाच चुकीची दोन तोंडे आहेत, आणि त्या चुकीविरुद्ध लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते.

ज्या वाचकांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जे. आर. आर. टोल्किन यांची ही बृहत्कथा १९५४-५५ साली तीन भागांत प्रसिद्ध झाली. मध्य-पृथ्वी नावाच्या कल्पित जगातील फ्रोडो नावाचा एक साधा, ठेंगणा हॉबिट एक दुष्ट अंगठी नष्ट करण्यासाठी शत्रूच्या मुलखातील ज्वालामुखीकडे निघतो. वाटेत लोथलॉरिएनच्या वनात एल्फ लोक त्याला व त्याच्या सोबत्यांना शिदोरी बांधून देतात. पिठाच्या पातळ पोळ्या, बाहेरून हलक्या तपकिरी भाजलेल्या, आतून सायीच्या रंगाच्या. गिम्ली नावाचा बुटका त्यांकडे पाहून नाक मुरडतो. त्याला वाटते, हे ‘क्राम’ असणार. क्राम म्हणजे त्या जगातील माणसांची प्रवासाची रोटी. टोल्किन यांच्या १९३७ सालच्या ‘द हॉबिट’ या आधीच्या पुस्तकात तिची चांगलीच थट्टा आहे: कितीही दिवस टिकते, पोषक आहे म्हणतात, पण चव अशी की जबड्याला व्यायाम याखेरीज दुसरा लाभ नाही. पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या रणभूमीवर संदेश-अधिकारी म्हणून राहिलेल्या टोल्किन यांना सैन्यातल्या टणक बिस्किटांची ओळख करून घ्यायला ग्रंथालयात जावे लागले नसणार. असो. गिम्ली एक तुकडा चाखतो आणि अख्खी पोळी संपवतो. एल्फ हसतात व सांगतात की, एवढ्यावर तू दिवसभर चालशील. पानाचे वेष्टन न सोडता, न मोडता ठेवली तर ही पोळी पुष्कळ दिवस ताजी राहते. थोडी थोडी खावी, आणि गरज पडेल तेव्हाच.

एवढीच ती शिदोरी. आपल्या आजीच्या गोष्टीतले तहानलाडू-भूकलाडू ज्याने ऐकले आहेत, त्याला ती परकी वाटायचे कारण नाही. राजपुत्र निघाला की कुणीतरी पदरात लाडू बांधून देणारच. परंतु तहानलाडूने तहान भागते, भूकलाडूने भूक भागते. लेंबासने मात्र भूक भागत नाही. आमच्या सगळ्या म्हणण्याची मेख येथे आहे.

चित्रपट पाहून पुस्तकाविषयी बोलणाऱ्यांना हे ठाऊक नसते. पहिल्या चित्रपटाची जी विस्तारित आवृत्ती २००२ साली आली, तीत एका चिमूटभर घासाने मोठ्या माणसाचे पोट भरते असे सांगितले जाते, आणि पुढच्याच क्षणी एक हॉबिट आपण अशा चार पोळ्या खाल्ल्याची कबुली देतो. प्रेक्षक हसतात, विनोद म्हणून आमचीही त्याला हरकत नाही. परंतु मूळ कथेत नेमके उलटे आहे. मॉर्डोरच्या राखेतून फ्रोडो आणि त्याचा सेवक सॅम फरफटत चालले आहेत, बाकीचे अन्न संपले आहे, उरले आहे ते केवळ लेंबास. तेथे लेखक सांगतो की, त्या पोळीने खाण्याची वासना शमत नव्हती. सॅमच्या मनात घरच्या साध्या जेवणाच्या आठवणी दाटत होत्या. आणि तरीही त्या पोळीत असे काही बळ होते की तिच्यावाचून ते दोघे केव्हाच मरणासाठी आडवे झाले असते. तिने पोषण होत होते ते इच्छाशक्तीचे. इतर अन्नात ती न मिसळता जो केवळ तिच्यावर विसंबून चालतो, त्याच्या ठायी ते बळ वाढत जाते. पोट रिकामेच, परंतु पाय उचलला जातो!

हे लिहिणाऱ्या माणसाची कहाणीही वाचकांनी ध्यानात घ्यावी. टोल्किन यांचा जन्म १८९२ सालचा. त्यांच्या आईने, मेबल यांनी, १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा आप्तांनी पैशाची मदत थांबवली. १९०४ साली मधुमेहाने त्या वारल्या. थोरला मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. आईने श्रद्धेसाठी प्राण वेचले असेच तो जन्मभर मानत आला. त्या दोन अनाथ भावांना वाढवले ते बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी. ही ऑरेटरी संत जॉन हेन्री न्यूमन यांनी स्थापलेली. टोल्किन ज्या काळात ही कथा लिहीत होते, त्या काळात ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असा दंडक होता. पाण्याची मोकळीक १९५३ साली मिळाली, उपवास तीन तासांवर १९५७ साली आला आणि एका तासावर १९६४ साली. आमच्या पिढीतील वडीलधाऱ्यांना तो जुना उपवास आठवतो. पहाटेच्या मिस्सेला पोटात कावळे ओरडत असत. त्यातच इंग्लंडात महायुद्धानंतर, १९४६ ते १९४८ या काळात, पावावरही शिधावाटप होते. साऱ्या अन्नावरचे शिधावाटप संपूर्णपणे उठले ते ४ जुलै १९५४ रोजी, आणि कादंबरीचा पहिला भाग बाजारात आला तो त्याच महिन्याच्या २९ तारखेला. रिकाम्या पोटी वेदीकडे जाणाऱ्या आणि मोजून पाव घेणाऱ्या माणसाने लिहिलेली ही भाकर आहे.

तर मग तक्त्यावरचे बरोबरचे चिन्ह खरेच की, असे धर्मशिक्षक म्हणतील. त्यांना आधारही सापडेल. फादर रॉबर्ट मरी या येशूसंघीय मित्राला डिसेंबर १९५३ मध्ये लिहिलेल्या पत्रात टोल्किन यांनी आपली ही कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे मान्य केले आहे. आरंभी नकळत, फेरलेखनात जाणीवपूर्वक. ऑक्टोबर १९५८ मधील दुसऱ्या एका पत्रात ते सांगतात की, एका समीक्षकाला लेंबासमध्ये मरणासन्नाला दिला जाणारा ख्रिस्तप्रसाद, म्हणजेच ‘वियाटिकुम’, दिसला. वियाटिकुम या लॅटिन शब्दाचा अर्थच वाटेची शिदोरी. आणि टोल्किन यांच्या एल्फ भाषेत लेंबास या शब्दाची फोडही प्रवासाची भाकर अशीच होते. एल्फांच्या अधिक प्राचीन भाषेत तिचे नाव कोइमास, म्हणजे जीवनाची भाकर.

हे सारे आम्हांला मान्य आहे. अमान्य आहे ते मधले चिन्ह. त्या समीक्षकाला टोल्किन यांनी खोटे पाडले नाही, पण त्याच्या गणितावर सहीही केली नाही. परीकथेसारखी लहान गोष्ट लिहिताना मनावर फार मोठ्या गोष्टींचा रंग चढलेला असू शकतो, एवढेच ते म्हणाले. रंग चढणे वेगळे आणि बरोबर असणे वेगळे. सूर्यास्ताचा रंग खाडीच्या पाण्यावर उतरतो म्हणून कुणी पाण्याला सूर्य म्हणत नाही. रूपककथेविषयीची आपली नावड तर त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात उघडपणे नोंदवली आहे. त्यांचा आग्रह असा की, वाचकाला कथा आपल्या जीवनाशी जोडून पाहता यावी, पण ती कशी जोडावी हे लेखकाने त्याच्यावर लादू नये. आमच्या धर्मशिक्षकांनी जे लेखकानेही केले नाही ते त्याच्या वतीने केले आहे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा तक्त्याने काय बिघडते? बिघडते ते असे. लेंबास खाल्ले की पाय चालू लागतात. ख्रिस्तप्रसाद म्हणजे लेंबास असे ज्या मुलाला शिकवले, ते मूल ख्रिस्तप्रसाद म्हणजे बळ देणारी गोळी असे शिकते. पुढे परीक्षा जवळ आली की ती गोळी घ्यायची आणि निकाल लागला की विसरायची. मार्च महिन्यात रोजच्या मिस्सेला मुलांची जी गर्दी होते आणि मे महिन्यात जी ओसरते, ती आम्ही सर्वांनी पाहिली आहे. त्या गर्दीत आमचीही मुले होती, हे लपवण्यात अर्थ नाही. लेंबास हे कितीही गुणकारी असले तरी एक वस्तू आहे. धान्य पेरले, कापले, भाजले, झाले. तिच्यासाठी कुणी क्रूसावर चढलेले नाही. आपण वेदीवर स्वीकारतो ती शक्ती भरलेली भाकर नव्हे, तो स्वतः प्रभू आहे. हा भेद पुसून टाकणारा तक्ता धर्मशिक्षणाच्या वर्गात शोभत नाही, मग तो कितीही रंगीत असो.

आणखी एक भेद सांगतो, तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. लेंबासविषयीचे टोल्किन यांचे एक छोटेखानी टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १९९६ साली छापले गेले. त्यात सांगितले आहे की, हे धान्य देवतुल्य शक्तींनी दिलेले. त्याला धातूचा विळा लावायचा नाही, हातानेच खुडायचे. पोळी भाजण्याचा अधिकार केवळ स्त्रियांचा, आणि ती राखण्याचा व देण्याचा अधिकार राणीचा. म्हणून राणीला भाकर देणारी असेच नाव. (इंग्रजीतील ‘लेडी’ या शब्दाचे जुने रूपही भाकरीची कणीक मळणारी असेच आहे, जुन्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला हे ठाऊक असणारच. अकाली गेलेल्या एका आईची आठवणही त्यामागे असेल असे आम्हांला वाटते, पण तो आमचा तर्क.) ही पोळी मर्त्य माणसांना मात्र क्वचितच द्यायची, कारण ती खाऊन त्यांना आपल्या मर्त्यपणाचाच कंटाळा येईल. राखून ठेवलेली, राजमुद्रेची, निवडक पाहुण्यांची भाकर! आणि आमच्याकडे? दहावे पायस यांनी १९०५ साली वारंवार, शक्य तर रोज ख्रिस्तप्रसाद घेण्याचा आग्रह धरला आणि १९१० साली समज आलेल्या लहान मुलांनाही, म्हणजे सुमारे सातव्या वर्षापासून, ही मेजवानी खुली केली. टोल्किन या निर्णयाचे मोठे चाहते होते. १९६३ साली आपल्या मुलाला, मायकेलला, लिहिलेल्या पत्रात डळमळत्या श्रद्धेवर त्यांनी हेच औषध सांगितले आहे: पुन्हा पुन्हा ख्रिस्तप्रसाद घेत जा. आणि वर अशी सूचना की, मुद्दाम आपल्या अभिरुचीला न रुचणाऱ्या ठिकाणी जा. धर्मगुरू नाकात बोलणारा असावा, पोरे आरडाओरड करणारी असावीत, तरुण अस्ताव्यस्त वेशातले असावेत. त्यांच्याबरोबर वेदीकडे जा आणि त्यांच्यासाठी प्रार्थना कर. लोथलॉरिएनच्या सोनेरी वनात अशी गर्दी नाही. ती आपल्या धर्मग्रामात दर रविवारी साडेआठच्या मिस्सेला असते.

आता खालच्या मजल्यावरील ज्येष्ठांकडे वळू. त्यांचा आमच्यावर राग होईल, पण बोलणे भाग आहे. जादूगार व राक्षस नकोत म्हणून हे पुस्तक कपाटातून काढणाऱ्यांनी ते उघडून पाहिलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहिले असते तर त्यांना गॉलम भेटला असता. अंगठीच्या मोहाने कुरतडलेला हा भुकेला जीव. फ्रोडो त्याला आपल्या शिदोरीतला तुकडा देऊ करतो. गॉलम पानाचा वास घेतो, तुकडा तोंडात घालतो आणि खोकून थुंकून टाकतो. त्याला ती धूळ आणि राख लागते. फ्रोडो रागावत नाही. हे खाण्याचा प्रयत्न केलास तर तुझे भले होईल, पण कदाचित तुला प्रयत्न करणेही अजून जमत नसेल, अशा अर्थाचे तो बोलतो. त्यातला ‘अजून’ हा शब्द आम्हांला वाचून कित्येक वर्षे झाली तरी सोडत नाही. पुढे ऑर्क फ्रोडोला पकडतात, त्याचे दुसरे अन्न पळवतात आणि लेंबास मात्र किळस येऊन जमिनीवर विखरून तुडवतात. तेच तुकडे गोळा करून दोघे मित्र पुढची वाट चालतात. चांगले अन्न वाईटाला का झोंबते, आणि ज्याला झोंबते त्याच्याशी कसे वागावे, याविषयी इतके थोड्या शब्दांत सांगणारा धडा आमच्या पाठ्यपुस्तकांत आम्हांला आढळलेला नाही. चित्रपटाने मात्र २००३ साली येथेही ढवळाढवळ केली. तेथे गॉलम पोळ्या कड्यावरून फेकतो, सॅमच्या अंगावर चुरा टाकतो, आणि फ्रोडो सॅमला चोर समजून घरी परत धाडतो! पुस्तकात यातले काहीही नाही. ज्या कथेत शिदोरी वाटून खाणे हाच मैत्रीचा धागा आहे, तिच्यात शिदोरीवरून मैत्री तोडण्याची कल्पना कुणाला सुचली, देव जाणे. मुलांच्या हातून पुस्तक काढून घेतले की त्यांच्यापाशी हेच उरते.

कल्पित कथेचे भय बाळगणाऱ्यांना आम्ही फादर स्टीफन्स यांची आठवण देऊ. १६१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आहे, त्याचे नावच पुराण आहे, आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणायला ते कचरले नाहीत. श्रोत्याच्या कल्पनेला भिऊन त्यांनी लेखणी खाली ठेवली असती, तर आपल्या वाडवडिलांच्या तोंडी काय राहिले असते?

वास्तविक, बरोबरचे चिन्ह काढायचेच असेल तर पवित्र शास्त्रात लेंबासचे याहून जवळचे आप्त आहेत. एलिया संदेष्टा अरण्यात झुडपाखाली आडवा होतो आणि मरण मागतो. दूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर देतो, एकदा नव्हे दोनदा. आणि त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री होरेबपर्यंत चालतो. मान्ना मात्र उलट जातीचा. तो साठवला की शब्बाथाखेरीज दुसऱ्या दिवशी किडे पडत. ती टिकणारी शिदोरी नव्हेच, रोजची रोज मिळणारी भाकर. आणि शुभवर्तमानातला तो मुलगा, ज्याच्यापाशी जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या! ती त्याच्या घरून बांधून दिलेलीच शिदोरी असेल ना? एलिया, मान्ना, तो मुलगा आणि सॅम यांना एका वर्गात शेजारी शेजारी बसवा आणि मुलांना विचारा, यांत सारखे काय आणि वेगळे काय. तासभर मुले भांडतील. बरोबरचे चिन्ह काढले की भांडण संपते, आणि धडाही.

बाजाराविषयी दोन शब्द पुरेत. १९५८ साली कादंबरीवर बेतलेल्या एका चित्रपटाचा आराखडा टोल्किन यांच्याकडे आला होता. त्यात लेंबासचे वर्णन सत्त्व आटवून केलेले घट्ट अन्न असे होते. लेखक संतापले. त्यांनी कळवले की, जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेला या पोळीत गव्हाच्या इतर पोळ्यांहून निराळे रसायन सापडणार नाही. थोड्या शिदोरीवर लांबची वाटचाल विश्वसनीय वाटावी, हा कथेतला तिचा एक उपयोग. पण तो गौण, तिचा खरा अर्थ, भीतभीतच म्हणायचे तर, धार्मिक स्वरूपाचा आहे. तो ‘भीतभीत’पणा आमच्या तक्ता काढणाऱ्यांकडे असता तर हा लेख लिहावा लागला नसता. कारण त्यांनी आणि त्या आराखडाकाराने केले ते एकच: एकाने पोळीला औषधाची वडी केली, दुसऱ्याने कोड्याचे उत्तर. दोघांनाही ती भाकर म्हणून नको होती.

त्या धर्मग्रामातील मंडळींना आम्ही हे तोंडी सांगितले तेव्हा एका तरुण शिक्षिकेने विचारले, मग मुलांनी विचारले की लेंबास म्हणजे काय, तर आम्ही काय सांगायचे? प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, एल्फांनी दिलेली शिदोरी, असे सांगा. आणि मग पुस्तक त्यांच्या हाती द्या. त्यांनी खाली पाहिले, कारण पुस्तक नव्हतेच.

तेव्हा संबंधितांस आमची जाहीर विनंती आहे की, वरच्या मजल्यावरील तक्ता उतरवावा आणि खालच्या मजल्यावरील तिन्ही भाग कपाटात परत ठेवावेत. एखादा भाग गहाळ झाला असल्यास आम्ही आमची प्रत पाठवू. तिची पाने थोडी पिवळी पडली आहेत, परंतु सगळी आहेत.